प्राणीशाळेत गुण जन्मानं द्यायचे की ताणानं? नियम ठरवून राहिलोय, भांडायला या

लाकडी_बैल

आम्ही पाच जण दर रविवारी नागपूरच्या महाल भागातल्या एका गच्चीवर फासे घेऊन बसतो. नवा खेळ रचतोय: गोरेवाड्याच्या जंगलात पिल्लांची शाळा भरते, प्रत्येकानं एक पिल्लू व्हायचं, मी मास्तर. गुण पाच: बळ, चपळाई, नाक, अक्कल, जिगर. दोन फासे टाकायचे, बेरीज गुणाइतकी किंवा त्याच्या आत आली की काम जमलं.

पहिल्या रविवारी जुन्या पद्धतीनं गुण काढले, 1974 च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्र होऊन खेळायच्या खेळापासून चालत आलेल्या. प्रत्येक गुणाला तीन फासे, पडेल ते नशीब. खवल्या मांजराला बळ 17 आलं, वाघाच्या बछड्याला 5. दोन फाशांची बेरीज 12 च्या वर जातच नाही, म्हणजे खवल्या बळात जन्मात हरणार नाही. वाघवाला तासभर फुगून बसला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून आता असं ठरवलंय. जातीनं फक्त शरीर मिळेल: पंख, खवले, नखं, अंधारात दिसणं. आकडे सगळ्यांना सारखे, 40 गुण पाच ठिकाणी वाटायचे, 4 च्या खाली नाही, 10 च्या वर नाही.

वाढ शिकारीवर नाही, शाळा आहे ती. एखादी गोष्ट करायला जाऊन फसलात की त्या गुणापुढे ताणाची एक खूण. तीन खुणा झाल्या की सत्राच्या शेवटी दोन फासे टाकायचे. बेरीज आजच्या गुणापेक्षा जास्त आली तर गुण एकानं वाढला. म्हणजे कच्चा गुण लवकर वाढतो, पक्का हळू. ताण हा शब्द अर्थातच संत्र्याच्या बागेतून उचललाय, फुलं यावी म्हणून झाडाचं पाणी तोडतात तो ताण.

पटतं का?

रामटेकचा_गवा

नाही पटत. हत्तीचं पिल्लू जन्मतःच शंभरेक किलोचं असतं. चिचुंद्री मुठीत मावते. दोघांना बळ 8? मग प्राणी कशाला घेतले, पाच पोरं घ्या अन् प्रत्येकाला मुखवटा द्या. जातीप्रमाणं आकडे बदललेच पाहिजेत: वाघाला बळ दोन जास्त, घुबडाला अक्कल दोन जास्त.

धरमपेठची_घार

घुबडाला अक्कल जास्त हे कुणी सांगितलं? आपल्या आज्या तर मठ्ठ पोराला घुबड म्हणायच्या! दादा, नेमकं हेच दुखणं आहे. वजन निसर्गातून येतं, अक्कल आपण चिकटवतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनीही 2024 च्या नियमांत गुणांची वाढ जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली. अन् ज्या गावात 14 ऑक्टोबर 1956 घडला, तिथं बसून ‘अमुक जातीत जन्मला म्हणून अक्कल इतकी’ असं नियमपुस्तकात लिहायचं? मला तरी हात धजणार नाही.

रामटेकचा_गवा

ताई, दीक्षाभूमी माणसांसाठी आहे. वाघ अन् ससा यांच्यातला फरक कुणी लादलेला नाही. उगाच प्रत्येक फाशात समाज शोधू नका.

लाकडी_बैल

गवाभाऊ, वजनाचं मान्य. ‘आकार’ असा वेगळा रकाना करतो: चिमुकला, मध्यम, धिप्पाड. धिप्पाडानं ढकललं की चिमुकला हलणारच, फासे टाकायचेच नाहीत. पण धिप्पाडाला बिळात शिरता येणार नाही. अक्कल अन् जिगर मात्र जातीला बांधणार नाही. तान्ह्या पोळ्यात सगळ्या पोरांचे बैल लाकडाचेच असतात, बक्षीस सजावटीला मिळतं.

रामटेकचा_गवा

ज्याच्या बापाकडे पैसा त्याचा बैल मोठा असतो, तेही बघून ये कधी.

गणिताची_वाट

तुम्ही जातीवर भांडताय, इकडे आकडेच फुटलेत. दोन फाशांच्या 36 शक्यतांत 8 च्या आत 26 पडतात, 9 च्या आत 30, 10 च्या आत 33. म्हणजे 6 वरून 7 वर गेलं की सहा शक्यता वाढतात, 9 वरून 10 वर फक्त तीन. किंमत मात्र दोन्हीकडे एकच गुण. मग हुशार खेळाडू काय करेल? पाचही ठिकाणी 8 लिहील. 40 भागिले 5, हिशेब संपला. एकूण यश यापेक्षा जास्त कुठल्याच वाटपात मिळत नाही, मी करून पाहिलं. पाचही पिल्लं एका साच्यातले गणपती!

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतल्या 27 गुणांच्या वाटपात 13 पर्यंत एकेक पायरी एका गुणाला, पुढच्या दोन पायऱ्या दोन-दोन गुणांच्या. तुमचं उलटं हवं. 8 च्या पुढची पायरी स्वस्त करा, नाहीतर एक गुण 10 अन् एक 5 ही सक्ती करा.

दुसरं भोक. फसल्यावर खूण मिळते ना? मग पोट्टे मुद्दाम फसतील. 1978 च्या रूनक्वेस्ट या तशाच खेळात कौशल्य वापरून जमलं की खूण मिळायची, तर लोक एकाच लढाईत शस्त्रं बदलत बसायचे, सगळ्यांपुढे खूण यावी म्हणून. तुमच्याकडे घुबड दिवसभर झाडाला ढकलत बसेल.

लाकडी_बैल

पाचही 8... हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सक्ती घेतो. मुद्दाम फसण्याला एकच औषध सुचतं: फसण्याची किंमत द्यावी लागली तरच खूण. काही तुटलं, कुणी रागावलं, वेळ गेला. झाड ढकलून कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून खूण नाही.

काटोलची_बाग

ताण शब्द घेतला तर पुरता घ्या ना भाऊ. आमच्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो. पानं मलूल होतेत, झाड थांबते. पण फूल ताणानं येत नाही, ताणानंतरच्या पाण्यानं अन् खतानं येते. पाणी द्यायला उशीर झाला तर पानगळ, मग सल म्हणजे वाळक्या फांद्या, मग करवत. हलक्या जमिनीले थोडा ताण पुरते, भारी काळीले जास्त लागते. अन् लहान झाडाले तर पहिले चार-पाच वर्षं बहारच धरत नाही. तुम्ही पिल्लायले पहिल्याच सत्रात ताण देऊन राह्यले!

तुमच्या नियमात पाणी कोठी आहे?

धरमपेठची_घार

ही बाई बरोबर बोलून राहिली.

लाकडी_बैल

मावशी, चुकलो. असं करू: तीन खुणा झाल्यावर दुसऱ्या खेळाडूच्या पिल्लानं त्या गुणात शिकवल्याचा एक प्रसंग खेळावा लागेल. तेच पाणी. पाण्याशिवाय आणखी खुणा पडत गेल्या तर गुण वाढायच्या ऐवजी एकानं उतरेल. त्याआधी किती खुणा सोसता येतील ते जिगरीवर ठरेल, जिगर म्हणजे जमीन.

लहान झाडाचं मात्र नाही घेत. चार सत्रं काहीच वाढलं नाही तर गच्ची रिकामी होईल.

रामटेकचा_गवा

म्हणजे माझ्या गव्याला ससा शिकवणार?

गणिताची_वाट

सशाचं नाक 10 असेल तर शिकवेल की. आणि गुण उतरला तर पुढच्या वेळी तो लवकर वाढतो, हेही लक्षात ठेवा. कुणीतरी मुद्दाम उतरवून बघेलच.

रामटेकचा_गवा

रविवारी येतो. पण तो 17 बळाचा खवल्या फाडून टाकला नसेल तर मला तोच पाहिजे.