नाव आणि स्वभाव यांचा खरोखर काही संबंध असतो का?

प्रश्न : अल्पविराम

माझ्या नावाचा अर्थ शांत, संयमी माणूस असा होतो आणि स्वभावाने मी कमालीचा शीघ्रकोपी आहे. चिडणाऱ्या इतर माणसांना एकदाच ऐकून घ्यावे लागते. मला मात्र दोनदा ऐकावे लागते, एकदा रागाबद्दल आणि एकदा नावाबद्दल. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आजवर किती जणांनी मला ऐकवली, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे.

हा प्रश्न आत्ताच विचारण्याचे कारण असे की, गेल्या आठवड्यात कामाच्या ठिकाणी एका बैठकीत चुकीच्या आराखड्यावरून माझा आवाज चढला. समोरच्या सहकाऱ्याने आराखड्याबद्दल अवाक्षरही न काढता केवळ माझे नाव उच्चारले, सावकाश, एकेक अक्षर सुटे करून, आणि सगळे हसले. आराखडा चुकीचा होता, हे माझे म्हणणे बरोबर होते. पण त्या हशानंतर त्याकडे कोणाचे लक्षच उरले नाही. घरी परतल्यावर मनात आले की, याच स्वभावाच्या माणसाचे नाव ‘वादळ’ किंवा ‘अग्नी’ अशा अर्थाचे असते, तर त्याचा राग लोकांनी स्वाभाविक म्हणून चालवून घेतला असता का?

नाव माणसाला घडवते, याला काही आधार आहे का, की हा केवळ योगायोगांना दिलेला अर्थ आहे? आणि माझ्या बाबतीत नेमके उलटे झाले असेल का, म्हणजे लहानपणापासून ‘तू तर नावाप्रमाणे शांत असायला हवास’ असे ऐकून ऐकूनच मी त्या नावाशी भांडू लागलो असेन का? नाव बदलण्याचा विचारही मनात येऊन गेला आहे, परंतु ज्यांनी तसे केले आहे त्यांचा अनुभव ऐकल्याशिवाय त्या वाटेला जाण्याची इच्छा नाही.

उत्तर : जुना वाचक

तुमची तक्रार सुमारे 2400 वर्षे जुनी आहे, हे कळल्यावर थोडे बरे वाटेल. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादाची सुरुवातच अशा एका थट्टेने होते. त्यातील हर्मोजेनिस याच्या नावाचा अर्थ ‘हर्मीसच्या कुळातला’ असा होतो. हर्मीस हा लाभाचा आणि वाक्चातुर्याचा देव, आणि हर्मोजेनिस बिचारा धन जोडण्यात अपयशी. म्हणून क्रॅटिलस त्याला सांगतो की, सारे जग तुला हर्मोजेनिस म्हणत असले, तरी ते तुझे नाव नव्हेच. तुमच्या सहकाऱ्याने अक्षरे सुटी करून जे सुचवले, ते याहून वेगळे नव्हते.

क्रॅटिलसचे म्हणणे असे की, नाव वस्तूच्या स्वभावाला धरूनच असते, आणि तसे नसेल तर ते नावच नव्हे, नुसता आवाज. हर्मोजेनिसचे म्हणणे असे की, नाव हा लोकांनी आपसांत मान्य केलेला संकेत आहे, बाकी काही नाही. व्यक्तिनामांपुरता मी हर्मोजेनिसच्या बाजूचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने 1843 मध्ये हाच मुद्दा एका गावाच्या नावाने मांडला होता. डार्टमथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचे गाव. पण उद्या ते मुख वाळूने बुजले किंवा भूकंपाने नदीचा प्रवाह दूर गेला, तरी गावाचे नाव बदलावेच लागेल असे नाही. व्यक्तिनाम वस्तूकडे बोट दाखवते, तिचे वर्णन करत नाही. तुमचे नाव तुमच्याकडे बोट दाखवण्याचे काम चोख बजावते आहे. वर्णनाची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकली, हा प्रश्न विचारायचा असेल, तर तो हसणाऱ्यांना विचारावा.

आपल्या भाषेला मात्र या दोन कामांतील सरमिसळ नेमकी ठाऊक असावी. ‘नाव ठेवणे’ म्हणजे ओळख देणे, आणि त्याच शब्दाचे अनेकवचन केले, ‘नावे ठेवणे’ म्हटले, की झाले दोष काढणे. तुमच्या बाबतीत पहिल्यातून दुसरे निघाले आहे.

उत्तर : पडताळा

वरील विवेचन आवडले, परंतु प्रश्न ‘आधार आहे का’ असाही आहे, म्हणून प्रत्यक्ष संशोधनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ योझेफ नुटिन यांनी 1985 मध्ये असे दाखवून दिले की, सुटी अक्षरे समोर ठेवून आवडती अक्षरे निवडायला सांगितली, तर लोक नकळत स्वतःच्या नावातील अक्षरांकडे झुकतात. हे निरीक्षण पुढे बरेच टिकले. त्यावर उभारलेला इमला मात्र तितका टिकला नाही. 2002 मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी असा दावा केला की, हे आत्मप्रेम आयुष्यातील मोठ्या निर्णयांपर्यंत पोहोचते, आणि डेनिस नावाची माणसे दंतवैद्य, म्हणजे ‘डेंटिस्ट’, होण्याची शक्यता अधिक असते. हा दावा इतका चविष्ट होता की तो सर्वतोमुखी झाला. 2011 मध्ये युरी सायमनसन यांनी त्याची फेरतपासणी केली, तेव्हा डेनिस नावाची माणसे वकिलांमध्येही तशीच जास्त आढळली. डेनिस हे ठरावीक पिढीत लोकप्रिय झालेले नाव होते आणि ज्या नावाशी त्याची तुलना केली, ते जुन्या, निवृत्तीच्या वयाच्या पिढीचे होते. म्हणजे फरक नावाचा नव्हता, वयाचा होता. नाव आणि नशीब यांचा संबंध जोडणारी पुष्कळशी उदाहरणे याच प्रकारची असतात. नावावरून पालकांचा काळ, वर्ग आणि समाज कळतो, आणि श्रेय मात्र नाव घेऊन जाते.

दुसरी बाजू अधिक भक्कम आहे, कारण तिथे माणूस तोच ठेवून केवळ नाव बदलता येते. मेरियन बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे 5000 काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रतेत फरक नव्हता. काही अर्जांवर गोऱ्या अमेरिकनांची वाटतील अशी नावे होती, तर काहींवर कृष्णवर्णीयांची वाटतील अशी. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पहिल्या गटाला सुमारे 50 टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. त्या अर्जांमागे स्वभाव असलेला माणूसच नव्हता, तरीही दार उघडायचे की नाही, हे नावावर ठरले.

राहिला चेहऱ्याचा मुद्दा, आणि मला स्वतःला तो सर्वांत विलक्षण वाटतो. 2017 मध्ये इस्रायल आणि फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांत अनोळखी माणसाचे छायाचित्र दाखवून चार-पाच नावांतून खरे नाव ओळखायला सांगितले, तेव्हा निव्वळ अंदाजाने जमले असते त्यापेक्षा अधिक वेळा लोकांनी ते बरोबर ओळखले. मात्र हे कसब आपापल्या समाजातील नावांपुरतेच होते. याच गटातील संशोधकांनी 2024 मध्ये लहान मुलांची छायाचित्रे घेऊन पाहिले, तर मुलांच्या चेहऱ्यांबाबत ही जुळणी आढळली नाही, आणि संगणकाने मुलांचे चेहरे प्रौढ करून दाखवले तरीही ती आढळली नाही. याचा अर्थ असा निघतो की, नाव चेहरा पाहून ठेवलेले नसते, तर माणूस वाढता वाढता त्या नावाविषयी समाजात असलेल्या कल्पनेकडे सरकत जातो.

तेव्हा अल्पविराम, नावाचा अर्थ रक्तात उतरतो याला आधार नाही. लोकांची त्या नावाकडून असलेली अपेक्षा मात्र माणसापर्यंत पोहोचते, याला आहे.

प्रतिसाद : जुना वाचक

पडताळा यांच्या शेवटच्या वाक्यावर एक आक्षेप नोंदवतो. चेहऱ्यात केशरचना, हास्याची ढब, चष्म्याची निवड हे सारे येते, आणि त्यावर आपल्या पिढीचा शिक्का असतोच. त्यातून स्वभाव घडल्याचे सिद्ध होत नाही. शिवाय प्रश्नकर्त्याचे उदाहरण या जुळणीच्या बरोबर विरुद्ध आहे. अपेक्षा पोहोचली, पण तिने त्यांना शांत केले नाही.

प्रतिसाद : पडताळा

आक्षेप मान्य. चेहरा आणि स्वभाव एक नव्हेत, आणि मी जिथे ‘माणूस’ लिहिले तिथे ‘चेहरा’ एवढेच लिहायला हवे होते. अपेक्षा पोहोचली की ती पाळलीच जाते, असे मात्र मी म्हटलेले नाही. ती झुगारणे हाही तिच्याशी जडलेला संबंधच आहे.

उत्तर : मागील पान

नाव बदललेल्या माणसाचा अनुभव हवा, असे आपण लिहिले आहे, म्हणून लिहितो.

मला माझ्या थोरल्या भावाचे नाव दिले होते. तो सहा वर्षांचा असताना गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचा जन्म 30 मार्च 1853 रोजी झाला, आणि त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, मृतावस्थेत जन्मलेल्या त्याच्या भावाचे नावही व्हिन्सेंटच ठेवलेले होते. माझ्या आईवडिलांनी हे प्रेमापोटी केले, याविषयी मला कधीच शंका नव्हती.

आठ-नऊ वर्षांचा असताना मला कपाटात एक जुनी वही सापडली. मुखपृष्ठावर माझे नाव लिहिलेले होते. अक्षर लहान मुलाचे, ओळ सोडून वर चढत गेलेले, शेवटचे अक्षर जागा न उरल्याने कडेला दाबून बसवलेले. नाव माझेच होते आणि ते मी लिहिलेले नव्हते. मी बराच वेळ त्याच्या खाली पेन्सिलीने तेच नाव तसेच्या तसे लिहून पाहत बसलो. आई आत आली, तिने वही हातातून काढून घेतली आणि खोडरबराने फक्त माझी ओळ पुसली.

नावाने मला घडवले का, तर हो, परंतु त्याच्या अर्थाने नव्हे. त्या नावाला एक जुना मालक होता आणि तो माझ्यापेक्षा गुणी होता, कारण त्याला चुका करण्याइतका वेळच मिळाला नव्हता. मी अतिशय आज्ञाधारक मुलगा होतो. लोक त्याला माझा स्वभाव समजत.

एकतिसाव्या वर्षी मी रीतसर नाव बदलले. स्वभाव बदलला नाही, हे आधीच सांगतो. मी आजही कोणाला नाही म्हणताना चाचरतो. बदल झाला तो फार किरकोळ जागी. सही करताना पहिले काही महिने लेखणी जुन्या अक्षराकडे वळत असे आणि तिथे शाईचा एक ठिपका पडत असे. मागून कोणी नव्या नावाने हाक मारली, तर वळायला क्षणभर उशीर होई, आणि गर्दीत कोणी भलत्याच माणसाला माझ्या जुन्या नावाने हाक मारली, तर मान मात्र लगेच वळे. बाळ साडेचार महिन्यांच्या सुमारास स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांपासून वेगळा ओळखू लागते, असे मी वाचले आहे. इतक्या लवकर अंगवळणी पडलेली गोष्ट कागदावरच्या नोंदीने सुटत नाही.

नव्या नावाने मला एक गोष्ट दिली. त्या नावाने केलेली चूक केवळ माझी असते.

नाव बदलावे की नाही, हे मी सांगू शकत नाही. आई आता खूप थकली आहे. ती मधूनच जुन्या नावाने हाक मारते आणि मी ‘आलो’ म्हणतो, पण ती नेमकी कोणाला बोलावते आहे, हे मी तिला कधी विचारलेले नाही.

प्रतिसाद : अल्पविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागील पान यांचे उत्तर वाचून माझी तक्रार फारच लहान वाटू लागली, तरी ती नाहीशी झाली असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जुना वाचक यांचे वर्णनाविषयीचे वाक्य वाचून एक गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत सुचायला हवी होती. हे नाव का ठेवले, असे मी काल आईला विचारले. माझी समजूत अशी होती की, कोणीतरी शब्दाचा अर्थ पाहून, मुलगा असा व्हावा म्हणून ते निवडले असेल. ती म्हणाली, तसे काही नव्हते. जन्मल्यापासून मी रात्रंदिवस रडत असे, कोणाच्याच हाती राहत नसे, आणि पंधरा दिवस झोप न मिळालेल्या वडिलांनी एका पहाटे मला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना विनवणीच्या सुरात तो शब्द उच्चारायला सुरुवात केली. नाव असे ठरवलेच नाही, तेच पुढे चिकटले.

म्हणजे माझ्या नावात माझा स्वभाव पहिल्यापासून अगदी अचूक नोंदवलेला आहे, फक्त तो वाचायची दिशा मी चुकलो होतो. नाव तूर्त बदलत नाही. आराखड्याचा विषय मात्र सोमवारच्या बैठकीत पुन्हा काढणार आहे, कारण तो अजूनही चुकीचाच आहे.