पाँतकोतच्या सुट्टीत आर्देशला सायकलने: मार्ग सुचवाल का?

प्रेषक: एक सभासद, लिऑं

नमस्कार मंडळी,

पाँतकोत या ख्रिस्ती सणाच्या तीन दिवसांच्या सुट्टीत (शनिवार ते सोमवार) आम्ही तिघं (मी, नवरा आणि 11 वर्षांचा लेक) इथल्या, म्हणजे फ्रान्समधल्या, आर्देशच्या डोंगरांत सायकलने जायचं म्हणतोय. गेल्या उन्हाळ्यात लिऑंच्या सोन नदीच्या काठाकाठाने दिवसाला 60 किलोमीटर आरामात झाले, लेकानेही कुरकुर केली नाही. म्हणून आता धीर आलाय.

बेत असा आहे: शनिवारी सकाळच्या टेरने (लोकल आगगाडीने) तँ-लेर्मिताजला उतरायचं, रोन नदीवरचा पायपूल ओलांडून तुर्नों, तिथून दू नदीच्या खोऱ्याने लामास्त्र, तिथे मुक्काम. रविवारी ले शेलारवरून जेर्बिए द जोंक हा डोंगर. सोमवारी परत.

जेर्बिएचा हट्ट माझा. तिथे ल्वार नदी उगम पावते. माझं माहेर नाशिकचं. लहानपणी आजोबांचं बोट धरून ब्रह्मगिरी चढले होते, गोदावरीचा उगम बघायला. एवढ्याशा पाण्याची एवढी मोठी नदी होते, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं ते अजून विसरले नाही. लेकाला ब्रह्मगिरीवर कधी नेता येईल माहीत नाही, पण ज्या देशात तो वाढतोय तिथली सर्वांत लांब नदी कुठून निघते हे त्याने स्वतःच्या पायांनी चढून बघावं, असं फार वाटतं.

रस्ते शांत आहेत का? आम्ही शाकाहारी; खाण्याचं काय करावं? कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सेंत-एतिएन

ताई,

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. उगम बघायला सायकलवरून जाणं यासारखा बेत नाही. पण रविवारचा टप्पा आहे तसा ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आर्देशमध्ये किलोमीटर मोजायचे नसतात, चढ मोजायचा असतो. लामास्त्र जेमतेम 375 मीटरवर. तिथून एक खिंड चढून ले शेलारला पुन्हा खाली उतरायचं आणि मग 1400 मीटरच्या वर जायचं. म्हणजे एका दिवसात 1300 मीटरच्या आसपास चढ, तोही मागे पिशव्या लादून. माझ्यासारखा सवयीचा माणूस सामान घेऊन तासाला 400 मीटर चढतो. मुलाबरोबर 300 धरा. हिशेब तुमचा तुम्हीच करा. सोनच्या काठचे 60 किलोमीटर आणि इथले 60 यांची तुलनाच होत नाही.

मिशलँ कंपनीचा रस्त्यांचा कागदी नकाशा घ्या. त्यात चढाच्या रस्त्यांवर बाणाची टोकं काढलेली असतात: एक टोक म्हणजे शेकडा 5 ते 9 चढ, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून जास्त. दोन टोकं दिसली की लेकरू सायकल हातात धरून चालणार, असं समजायचं. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर देखावा सुंदर. मोठ्या खिंडींच्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी दर किलोमीटरला पाटी असते: उंची किती आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती. मुलांना त्या पाट्यांचा मोठा आधार वाटतो, पुढची पाटी गाठायची म्हणून पाय चालतात.

तेव्हा माझं ऐकाल तर दोल्चे विया या सायकलवाटेने जा. एरिअ नदीच्या खोऱ्यातून पूर्वी मीटरगेज आगगाडी जायची, ती 1968 मध्ये बंद पडली. त्याच मार्गावर आता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट केली आहे. आगगाडीची वाट, त्यामुळे चढ शेकडा तीनच्या आसपासच. जमीन घट्ट बसवलेल्या मुरमासारखी, मधे बोगदे, दगडी पूल, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडी, आणि मोटार नाही. वालाँसला टेरने उतरा, वियारोना या सायकलमार्गाने रोनच्या काठाने वीसेक किलोमीटर ला वुल्त, तिथून खोऱ्यात शिरा आणि लेझोलिएरला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी ले शेलारवरून सँ-मार्तँ-द-व्हालामास. तिसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून, मोकळ्या सायकलींनी पहाटे जेर्बिए. चौथ्या दिवशी सगळा उतार आणि सपाटी. एक दिवस रजा काढावी लागेल, पण काढा.

मी राहतो त्या गावाचा एक माणूस सांगायलाच हवा. पॉल द विव्ही, टोपणनाव वेलोसियो. 1887 मध्ये त्याने इथून सायकलींचं मासिक सुरू केलं, शर्यतवाले नाकं मुरडत असताना गिअरचा आग्रह धरला आणि सायकलने देश बघत हिंडायचं हे लोकांना शिकवलं. स्वतः शाकाहारी! आमच्या गावावरच्या 1161 मीटरच्या कोल द ला रेपुब्लिक या खिंडीत त्याचं स्मारक आहे. त्याची शिकवण अशी की भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं, आणि कुणाला दाखवायला म्हणून पेडल मारू नये. त्यातली पहिली दोन लेकाच्या बाबतीत घड्याळ लावून पाळा. मुलांना भूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रेषक: एक सभासद, वालाँस

अगं, काकांनी सांगितलेला मार्ग माझ्या घराजवळून जातो! पहिल्या दिवशी चहाला आमच्याकडे थांबा, नाही म्हणू नकोस.

खाण्याचं मी सांगते. ‘क्रीक’ विचारायची. किसलेल्या बटाट्याची, तव्यावर खरपूस भाजलेली, आपल्या उपासाच्या थालीपिठाच्या जवळची. कधी अंडं घालतात, तेवढं विचारून घ्या. पिकोदों हे शेळीचं चीज आणि चेस्टनटचा गोड मुरंबा जवळ ठेवा, पावाला लावून दिवस निघतो. ‘कायेत’ मात्र घेऊ नका, दिसायला पालेभाजीची वाटते पण त्यात डुकराचं मांस असतं.

जिवावर बेतल्यासारखी एक गोष्ट आठवते. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सोमवारी पठारावर निघालो, वाटेतल्या गावात पाव मिळेल म्हणून काहीच बांधून घेतलं नाही. पहिल्या गावातली बेकरी सोमवारची बंद. दुसऱ्यात पोचलो तर साडेबारा, किराण्याचं दुकान दुपारचं बंद. तिसऱ्या गावाच्या अलीकडच्या चढावर माझे हात थरथरायला लागले, हँडल धरवेना. डोळ्यांपुढे रस्ता पांढरा पडला. रस्त्याकडेला बसले. एका शेतावरच्या आजीबाईंनी बघितलं, काही न विचारता घरात गेल्या आणि पाव, लोणी, वर साखर पेरून आणलं. शेजारी बसून मी सगळं खाल्लं का ते बघत राहिल्या. तुमचा जेर्बिएचा दिवस तर पाँतकोतचा सोमवार. काही उघडं नाही असंच धरून चाल.

पाण्याला मात्र अडचण नाही. गावाच्या दफनभूमीच्या फाटकाशी नळ असतो, फुलांना पाणी घालायला. मला सुरुवातीला तिथून पाणी घ्यायला मन धजायचं नाही, पण गावकऱ्यांनीच बोलावून बाटल्या भरून दिल्या. ‘ओ नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही, एवढं बघ.

आणि उतारावर ‘ग्राव्हियों’ (बारीक खडी) लिहिलेली पाटी दिसली की आधीच वेग कमी करा. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी टाकून ठेवतात, ती गाड्यांच्या चाकांखाली बसायला दिवस जातात. आमचे हे अशाच एका वळणावर घसरले, कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटून निघालं. मी चिमट्याने एकेक खडा काढत होते. वळणात ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधी दाबून सोडायचा, हे लेकाला घरीच शिकवून ने.

प्रेषक: एक सभासद, लिऑं

काका, ताई, काय लिहू! काल रात्री नकाशा जमिनीवर पसरून तिघं बसलो. जेर्बिएच्या रस्त्यावरची बाणाची टोकं लेकाने बोट ठेवून मोजली आणि स्वतःच म्हणाला, “आई, सामान खाली ठेवूया.” मंगळवारची रजा मिळाली. सोमवारसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शनिवारीच करून घेते, दशम्या तीन दिवस टिकतात.

एकच शंका. लेकाची सायकल जुनी आहे. मागचा ब्रेक पूर्ण दाबला की दांडा हँडलला टेकतो. तार ताणून भागेल की दुकानात न्यावी?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सेंत-एतिएन

ताई, तशी सायकल घेऊन एक उतारही उतरू नका. नुसती तार ताणू नका, रबरं झिजली असणार. रविवारी मी लिऑंला मुलीकडे येतोय. नवी रबरं आणि तार घेऊन येतो. लेकाला घरी थांबायला सांगा, बदलायचं कसं ते त्याच्याच हातून करून घेईन.