स्टोअरमधले गंजलेले डबे, वापरायचे का टाकायचे?

बी-२०१ वैनी: नमस्कार सगळ्यांना. मगाशी खालच्या स्टोअरमध्ये गेलते. कोजागिरीसाठी लक्ष्मीपुरीतनं आणलेले मटार, मशरूम, बेबी कॉर्न आणि टोमॅटो प्युरीचे डबे हायत ना, पावसाळ्यात तिथं ओल धरली आणि बऱ्याच डब्यांवर तांबडा गंज चढलाय. तारीख पुढच्या वर्षाची हाय. शनिवारी वापरायचे का?

सी-१०४: पुसून घ्या की वैनी, वरनं गंजलं म्हणून आतलं कुठं खराब होतंय

ए-३०३ काका: जरा थांबा. माझी सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत प्लेटिंगच्या कामात गेली म्हणून लिहितोय, लांबलं तरी पुरतं वाचा. टिनचा डबा म्हणजे मुळात पोलादी पत्रा, जाडी ०.२ मिमीच्या आसपास, आणि त्यावर कथलाचा एकदम पातळ थर, पितळेच्या पातेल्याला कल्हई असते तसाच. बाहेरच्या बाजूला ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं की ओलीत कथील त्याला वाचवत नाही, उलट लोखंडच आधी झिजतं आणि तेही त्याच जागी खोल खोल. त्यामुळं फडक्यानं पुसल्यावर गंज निघून गेला आणि पत्रा गुळगुळीत लागला तर डबा चालतोय. नखाला खड्डा लागला, किंवा गंज शिवणीवर नाहीतर झाकणाच्या दुमडीत असला, तर तो डबा बाजूला. केसाएवढ्या भोकातनं पण जंतू आत जातात, डबा गळायलाच पाहिजे असं काही नाही.

डी-४०२ ताई: काका आमचा मटारचा डबा आतनं काळा निळा पडलेला, मी भाजीसकट टाकून दिला

ए-३०३ काका: मटार, मका यांच्यात गंधक असतं, डबा तापवताना ते कथलाशी आणि लोखंडाशी धरतं आणि तसले डाग पडतात. नुसत्या त्या डागानं अपाय होत नाही. आतनं सोनेरी लॅकर, म्हणजे वार्निशासारखा पातळ थर, मारतात ते त्यासाठी पण असतं.

आता महत्त्वाचं. बंद डब्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तिथं सगळा कारभार उलटा, कथील स्वतः हळूहळू विरघळतं आणि लोखंडाला राखतं. डबा फोडला की हवा शिरते आणि विरघळायचा वेग वाढतो. लॅकर नसलेल्या डब्यात उरलेली टोमॅटो प्युरी तशीच फ्रीजमध्ये ठेवली तर ते कथील आपल्या पोटात येतंय. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याची, मर्यादा किलोला २५० मिलिग्रॅम हाय, त्यावर गेलं की मळमळ, पोटात कळा. डबा कसला पण असू दे, फोडल्या फोडल्या सगळं काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढा.

ए-१०१ काकू: अहो मग मी तेलाच्या मोकळ्या डब्यात लिंबाचं लोणचं भरायचं म्हणत होते, तो स्वच्छ धुऊन वाळवून ठेवलाय

ए-३०३ काका: अजिबात नको काकू. मीठ, आंबट आणि वर हवा, तिन्ही एकदम आली की तो पत्रा टिकायचा नाही, कोपऱ्यातनं आधी जाईल. चिनी मातीची बरणी काढा.

बी-२०१ वैनी: आणि मशरूमचे एक दोन डबे वरनं फुगल्यागत दिसतात. दाबलं की टक्कन आत जातंय आणि परत वर येतंय

ए-३०३ काका: वैनी ते उघडू नका, कुणाला उघडू पण देऊ नका!! आतनं गंजताना हायड्रोजन सुटून पण डबा फुगतो, पण तो हायड्रोजन हाय का जंतूंचा वायू हे बाहेरनं कुणालाच ओळखता येत नाही. मशरूम, मटार आंबट नसतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) ४.६ च्या वर, म्हणजे बोटुलिनमच्या जंतूला सोयीचं. त्याचं विष वासावर कळेलच असं नाही, चवीवर पण नाही, आणि थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेततं. बोट लावून चव बघतो म्हणू नका. सोसायटीची लहान पोरं जेवायला असणार शनिवारी.

सी-१०४: बरं झालं लिहिलासा काका, मी पुसूनच वापरणार होतो सगळे

बी-२०१ वैनी: मग उद्या सकाळी ११ ला निवडायला घेऊया. चावी वॉचमन मामांकडं ठेवते. फुगलेले डबे वेगळ्या पिशवीत बांधून वर ठळक लिहू, घंटागाडीवाल्याला पण सांगू, नाहीतर कुणी उचलून न्यायचं.

ए-३०३ काका: मी येतो. उरलेले चांगले डबे जमिनीवर ठेवायचे नाहीत, भिंतीपासनं लांब फळी टाकून त्यावर ठेवू.

सी-१०४: बॅटरी मी आणतो, तिथला बल्ब गेलाय