रमी जमरात : आईच्या वाट्याचे खडे मी मारू शकतो का?

प्रश्न
अस्सलामु अलैकुम. आम्ही चिपळूणचे, मजहबाने (धार्मिक विधींचे नियम सांगणाऱ्या पंथाने) शाफई. यंदा मी आईला घेऊन हजला जात आहे. तिचे गुडघे दुखतात, पण काठी टेकत ती सावकाश चालते. मक्केजवळच्या मिनामध्ये जमरा म्हटल्या जाणाऱ्या तीन भिंतींना खडे मारायचे असतात, म्हणजेच रमी; तिथे तिचे खडे मीच मारावेत, असे घरचे म्हणतात. शिवाय 10 जिल्हज्जला (हजच्या महिन्याच्या दहाव्या तारखेला) पहाटेआधी केलेली रमी होतच नाही, असे आमच्या गटातील एका जुन्या हाजींनी सांगितले. हे खरे आहे का? आणि एखादा खडा जमऱ्याभोवतीच्या हौदाबाहेर पडला तर काय करावे?

उत्तर 1
वालैकुम अस्सलाम. दुसऱ्याकडून रमी करवण्याची मुभा ज्याला स्वतः जाणे शक्यच नाही, अशा आजारी वा अशक्त माणसाला आहे. आई चालत असतील तर हा मान त्यांच्याकडून काढून घेऊ नका. हाजींचे म्हणणे हनफी मजहबाप्रमाणे बरोबर आहे, पण शाफईंच्या मते 10 तारखेची रमी मध्यरात्र उलटल्यावर करता येते, आणि प्रेषितांनी आपल्या पत्नी हजरत सौदा यांना मुजदलिफ्याहून (मिनाला येण्याआधीच्या रात्रीच्या मुक्कामाहून) रात्रीच निघण्याची परवानगी दिली होती. त्या दिवशी फक्त मोठ्या जमऱ्याला सात खडे. 11 आणि 12 तारखेला झवालनंतर (सूर्य माथ्यावरून ढळल्यावर) लहान, मधला, मोठा याच क्रमाने प्रत्येकी सात. 11 ला आईंना इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर नेलेत तरी चालेल. 12 ला परतायचे असेल, तर मात्र रमी उरकून सूर्यास्तापूर्वी मिना सोडा, नाहीतर 13 ची रमीही करावी लागेल.

उत्तर 2
हौदाबाहेर पडलेला खडा मोजू नये, त्याऐवजी दुसरा मारावा; म्हणून मुजदलिफ्यात 49 पेक्षा दहाएक खडे जास्तच वेचा, हरभऱ्याहून किंचित मोठे. सातही एकदम फेकले तर एकच धरला जातो. मी सात खडे डाव्या मुठीत घेऊन एकेक उजव्या हातात घेत असे आणि दर खड्याला ‘अल्लाहु अकबर’ म्हणत असे, त्यामुळे मोजणी चुकली नाही. चपला किंवा धोंडे भिरकावणारे पाहून फार वाईट वाटते. ती इबादत आहे, राग काढण्याची जागा नव्हे. 2006 च्या चेंगराचेंगरीत तीनशेहून अधिक हाजी गेले, त्यानंतर बहुमजली पूल झाला; तरीही भिंतीच्या सुरुवातीलाच लोक दाटतात. आईंना धरून भिंतीच्या पलीकडच्या टोकापर्यंत जा, तिथे उभे राहायला जागा मिळते.

प्रश्नकर्ता
जज़ाकल्लाह. एखाद्या दिवशी तिला खरोखरच उठता आले नाही, तर?

उत्तर 1
तर त्यांनी तुम्हाला तसे सांगावे. तुम्ही आधी स्वतःची रमी पूर्ण करा, मगच त्यांची.