जुन्या पॅटर्नवरून किटल्यांच्या प्रिंटचा स्कर्ट, साइझचा घोळ झालाय

शिवणवेडी_ओहायो
नमस्कार मंडळी, इथल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये सिम्प्लिसिटी कंपनीचं साठच्या दशकातलं ब्लाउज आणि ए-लाइन स्कर्टच्या कागदी पॅटर्नचं पाकीट मिळालं, वर पेन्सिलीने कुणीतरी "दोन इंच लांब" असं लिहून ठेवलंय, ते वाचलं आणि पाकीट खाली ठेवूच शकले नाही. साइझ 14. दुकानातले स्कर्ट मी 10 चे घेते म्हणून वाटलं हा ढगळच होईल, तर पाकिटामागे कंबर 26 इंच! माझी 30, हिप्स 39. शिवाय बेल्टचा कागद गायब. कापड आहे अडीच यार्ड, 44 इंची क्विल्टिंग कॉटन, त्यावर लाल-हिरव्या किटल्या आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. परत असं कापड मिळणार नाही, कात्री लावायचा धीर होत नाहीये. काय करू?

उरेब
आधी तो 14 आकडा डोक्यातून काढून टाक. अमेरिकन पॅटर्नची मापं 1967-68 च्या सुमाराला बदलली, त्याआधी 34 छातीला 14 म्हणायचे, नंतर त्याच छातीला 12 झाले, आणि रेडिमेडच्या नंबरांशी तर दोन्हींचं काही नातं नाही. कंबर आणि हिप्सचे इंच बघायचे, बस्स.
तुला 4 इंच वाढवायचेत. पुढचा आणि मागचा कागद प्रत्येकी अर्ध्या भागाचा असतो, म्हणजे प्रत्येकात 1 इंच. सगळं बाजूच्या शिलाईत ढकललंस तर हिप्सचा गोलवा बिघडेल, त्यापेक्षा प्लेट (कमरेचा डार्ट) आणि बाजूची कड यांच्या मधून, कागदावरच्या उभ्या धाग्याच्या बाणाला समांतर वरपासून खालपर्यंत कापून एक इंच फाकव. पण मूळ कागदावर नाही हं!! तो कोमट इस्त्रीने, वाफेशिवाय सरळ कर (घड्यांवर फार लवकर फाटतो), बटर पेपरवर उतरवून घे आणि परत पाकिटात ठेव.
बेल्टच्या कागदासाठी अडू नकोस, तो नुसता आयत. 30 कंबर, 1 इंच हुकासाठी, दोन्ही टोकांना शिलाईसाठी 5/8 इंच प्रमाणे सव्वा इंच, झाले सव्वाबत्तीस.

पुणेरी_टीप
माझ्या आईच्या शिवणक्लासच्या वहीत छोट्या छोट्या ब्राउन पेपरच्या कटिंग चिकटवलेल्या आहेत, प्रत्येकीवर उभ्या धाग्याचा बाण लाल पेनने, बाई बाणाशिवाय वही तपासायच्याच नाहीत म्हणे. तुझ्या किटल्यांचं सगळं त्या बाणावर आहे. दिशा असलेल्या प्रिंटमध्ये एक भाग सुलटा एक उलटा ठेवून कापड वाचवता येत नाही, सगळे भाग डोकं वर करूनच ठेवायचे. जुन्या पाकिटावरचा कापडाचा हिशोब बऱ्याचदा 35-36 इंची पन्ह्याचा असतो, तोही जसाच्या तसा धरू नकोस.
आणि कुणी फुल सर्कल स्कर्ट सुचवला तर ऐकू नकोस गं. एका तुकड्यात गोल कापलास तर पुढच्या किटल्या उभ्या, बाजूच्या आडव्या आणि मागच्या चक्क उलट्या, वर 44 पन्ह्यात लांबी 17 इंचाच्या आसपासच निघते. अशा प्रिंटला ए-लाइन नाहीतर सरळ चुण्यांचा स्कर्ट, त्यात चित्र पूर्ण दिसतं. कापड आधी धुऊन घेच, कॉटन आटतं.

शिवणवेडी_ओहायो
उरेबताई, पुणेरीताई, खूप आभार! काल जुन्या बेडशीटवर कच्चा धागा घालून नमुना केला, कमरेला अगदी बरोबर बसला, मागे खाली जरा झोळ येतोय. किटल्या मधल्या शिलाईवर अर्ध्या कापल्या जातील का?

उरेब
पुढचा भाग घडीवर आहे ना, मग घडी एका किटलीच्या बरोबर मधोमध घाल. मागे मधे शिलाई असेल तर कापडाची घडी न घालता एकेरी काप, पहिला भाग कापून झाला की तोच कापडावर पालथा ठेवून शिलाईच्या रेषेवर चित्र जुळव आणि मग दुसरा काप. कडेवर नाही, शिलाईच्या रेषेवर, 5/8 इंच आत. चेन मागे न लावता डाव्या बाजूला घे, जुन्या स्कर्टना बऱ्याचदा तिथेच असायची, म्हणजे मागची किटलीही अख्खी राहील. झोळ बहुतेक कंबर मागे थोडी खाली हवी म्हणून येतोय, मधोमध पाव-अर्धा इंच उतरवून बघ, आधी त्या बेडशीटवरच.

शिवणवेडी_ओहायो
पाव इंचात गेला झोळ! कापड धुऊन वाळत घातलंय, शनिवारी कापते.