गरोदरपणातली शुगर फोनवर सांभाळावी का?

वाघोलीकरीण: गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला केवळ आकडे बघायला दर आठवड्याला दवाखान्यात बोलावणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मला सातवा महिना चालू आहे. वाघोलीहून डेक्कनला जायचं तर नगर रोडवर अर्धा दिवस मोडतो, आणि तिथे बघतात काय, तर वहीतले आकडे. आता मी ग्लुकोमीटरचे आकडे आणि ताटाचा फोटो पाठवते. उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत राहिली पाहिजे, हे पाठच झालंय. आकडा चढला की डॉक्टर त्याच दिवशी सांगतात, भात कमी करा, उसळ वाढवा. शिवाय व्हिडिओ कॉलवर सासूबाईही शेजारी असतात. 'दोन जिवांचं खा' हा आग्रह तेव्हापासून थांबला, माझ्या सांगण्याने तो थांबला नसता.

परिचारिका_हडपसर: ताई, आकडे म्हणजे तपासणी नव्हे. पायाची सूज दाबून बघावी लागते, पोटावर हात ठेवून बाळाची वाढ बघावी लागते. शुगर असली की बीपी वाढायचा धोकाही जास्त. आणि आकडा तरी खरा कशावरून? आमच्याकडे एकीचा 190 च्या वर आला. विचारलं तर नुकताच चिकू सोलला होता. साबणाने हात धुवून, पुसून पुन्हा बोट टोचलं तर आकडा मर्यादेत. फोनवर तेवढाच आकडा बघून कुणी इन्सुलिन वाढवलं असतं तर?

वाघोलीकरीण: हात धुवायला शिकवता येतं. बीपीचं यंत्र घरी आहे आणि सोनोग्राफीला मी जातेच. माझा विरोध फक्त आकड्यांसाठीच्या फेऱ्यांना आहे.

वेल्ह्याचा_दादा: ताई, तुम्हाला सगळं समजतं, सगळ्यांचं तसं नसतं. माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं, '10 युनिट घ्या.' इन्सुलिनची बाटली 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिटवाली, दुकानदाराने सिरिंज दिली 100 वालीसाठीची. त्यात 10 च्या रेघेपर्यंत भरलं की जातात फक्त 4 युनिट. शुगर उतरेना, डोस वाढवत राहिले. सिरिंजची टोपी लाल (40 ची) आहे की केशरी (100 ची), एवढंही कुणी विचारलं नाही. शेवटी तालुक्याला नेलं तेव्हा तिथल्या सिस्टरने बघताक्षणी ओळखलं. उलटं झालं असतं, बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची, तर 10 ऐवजी 25 युनिट गेले असते. फोनवर इन्सुलिन सुरू करायला माझा साफ विरोध आहे.

आहारतज्ज्ञ_कोथरूड: दादा, तुमचा राग रास्त आहे. पहिलं इंजेक्शन समोर बसवूनच शिकवावं. पण पुढे कॅमेऱ्यासमोर सिरिंज भरायला लावली तर हीच चूक घरबसल्या पकडता येते. मला काळजी वेगळीच वाटते. रात्री दोनला शुगर फार उतरून 65 आली तर फोन कोण उचलणार? तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायचं, हे बाईला आणि घरच्यांना आधीच माहीत हवं. रात्रीचा नंबर नसेल तर ती सेवा घेऊच नये.

परिचारिका_हडपसर: पटलं. आणखी एक, बाळाची हालचाल मंदावली तर मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. भेटी कमी करायला माझा अजूनही विरोधच आहे. बाळंतपणानंतर मात्र फोन हवाच. 6 आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन पुन्हा तपासायचं असतं, पण बाळंतीण तोवर माहेरी असते आणि ती तपासणी राहूनच जाते. वाघोलीकरीण, तुमच्या डॉक्टरांना त्या आठवणीच्या फोनचं आत्ताच सांगून ठेवा, आणि माहेरचा नंबरही द्या.