देवांग मेहता : पायरसीविरुद्धची लढाई सांगायची राहिलीच

देवांग मेहतांवरच्या या चर्चेत वर बहुतेकांनी नॅसकॉमच्या (भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या) या अध्यक्षांची आठवण सॉफ्टवेअर निर्यातीवरून काढली आहे. ते योग्यच आहे. पण 'ते मोठ्या कंपन्यांचेच माणूस होते' हे इथलं म्हणणं अजिबात पटलं नाही. पायरसीविरुद्ध, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चोरट्या कॉप्यांविरुद्ध, त्यांनी केलेली धडपड इथे कुणीच मांडली नाही, आणि तिचा फायदा माझ्यासारख्या एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरला झाला.

१९९६ साली मी नाशिकला दुकानदारांसाठी बिलिंगचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. पैसे मोजून घेतला दोघांनी, पण दिवाळीपर्यंत तो अकरा दुकानांत चालू होता! एका गल्ल्याशेजारी तर माझीच साडेतीन इंची फ्लॉपी दिसली, लेबलवर बॉलपेनने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. कॉपी करणं ही चोरी आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. कॉपीराइट कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीने नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आला खरा, पण कायदा कागदावरच राहिला असता. मेहतांनी तो विषय सतत लावून धरला, छाप्यांच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. त्यानंतर त्या अकरांपैकी चौघांनी स्वतःहून फोन करून रीतसर पावती मागितली. १२ एप्रिल २००१ ला सिडनीत मेहतांचं निधन झालं, वय अवघं ३८. ती बातमी मला त्या चौघांपैकीच एकाने सांगितली.